हसरा ब्लॉक आणि रागीट ब्लॉक

आमच्या घरी त्या काळी दैनिके दोन येत आणि साप्ताहिकेही दोन. पार्ल्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सहा माणसे राहत असताना ही चैन कशी काय परवडे, असे कुणीही विचारील. परवडत नव्हतीच. पण अण्णांच्या पत्राला मामा हात लावीत नसे, आणि मामाच्या पत्राचा चहाचा कप ठेवण्यापलीकडे काही उपयोग आहे असे अण्णांना वाटत नसे. मामा आमच्याकडेच राहून फोर्टात कारकुनी करी. दोघे सकाळी एकाच गाडीने चर्चगेटला जात, शेजारी शेजारी बसत आणि आपापल्या पत्रात डोके खुपसून एकमेकांशी अबोला धरीत. आई म्हणे, "भांडा किती भांडायचे ते. रद्दीवाला दोन्ही एकाच भावाने नेतो."

साल १९६२. फेब्रुवारीत लोकसभेची तिसरी निवडणूक होती आणि आमचा उत्तर मुंबईचा मतदारसंघ साऱ्या देशाच्या नजरेत भरला होता. एका बाजूला काँग्रेसचे व्ही. के. कृष्ण मेनन, देशाचे संरक्षणमंत्री आणि नेहरूंच्या अगदी आतल्या गोटातले. दुसऱ्या बाजूला आचार्य कृपलानी. १९१७ च्या चंपारण्यापासून गांधीजींबरोबर असलेला आणि देश स्वतंत्र झाला तेव्हा काँग्रेसचा अध्यक्ष असलेला हा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ आता त्याच काँग्रेसविरुद्ध अपक्ष म्हणून उभा होता. प्रजासमाजवादी, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष, एरवी एका सतरंजीवर न बसणारे, त्यांच्या पाठीशी होते. मेननांच्या पाठीशी काँग्रेसबरोबर कम्युनिस्टही होते. खुद्द नेहरू प्रचाराला आले, दिलीपकुमारही आले. दिलीपकुमार आल्यावर चाळीतल्या बायकांची मते ठरून गेली, असे मामा म्हणे. आईने आपले मत कुणाला दिले ते मात्र अखेरपर्यंत सांगितले नाही.

मामा मेननवाला, अण्णा कृपलानीवाले. मामाकडे करंजियांचे 'ब्लिट्झ' येई आणि अण्णांकडे कराकांचे 'करंट'. दोन्ही इंग्रजी, दोन्ही मुंबईची आणि दोघेही संपादक पारशी. मात्र 'ब्लिट्झ'मधले मेनन आणि 'करंट'मधले मेनन ही एकाच नावाची दोन वेगळी माणसे असावीत असे वाटे. १९५७ च्या जानेवारीत मेनन संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर आठ तासांच्या आसपास बोलले होते आणि थकून कोसळले होते. मामाच्या लेखी तो पराक्रम होता. अण्णांच्या लेखी, जे एका तासात सांगता येत नाही ते आठ तासांतही पटत नाही याचा तो पुरावा होता. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा तर कहरच झाला. आनंद दोघांनाही झाला. आमच्या आजोळची माणसे पेडण्याकडची, तेव्हा पेढे दोघांनी मिळूनच वाटले. पण पेढा तोंडात असतानाच अण्णा म्हणाले, "चौदा वर्षे थांबले आणि निवडणूक दोन महिन्यांवर आल्यावर बरे आठवले!" मामा उसळला, "भाऊजी, हे तुम्ही बोलत नाही, तुमचे पत्र बोलते आहे." आणि ते खरेच होते. ते वाक्य मी आदल्या दिवशी छापलेले वाचले होते. मामाचे उत्तरही मी वाचले होते, दुसऱ्या पत्रात.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एका मराठी दैनिकात शिकाऊ उपसंपादक. पत्राचे नाव सांगत नाही. ते बंद पडून कितीतरी वर्षे झाली आणि त्यात काम करणारे बहुतेक आता नाहीत. पत्र मेननांच्या बाजूचे होते. नावाखाली 'निःपक्षपाती मराठी दैनिक' असे बारीक टायपात छापलेले असे.

तिथे पहिल्याच आठवड्यात मला एक कपाट दाखवण्यात आले. आजच्या वाचकाला 'ब्लॉक' म्हणजे काय ते सांगायला हवे. छायाचित्र छापायचे तर ते जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरून घ्यावे लागे आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या शेजारी बसवावा लागे. यात पैसे जात, वेळही जाई. म्हणून एकदा केलेला ब्लॉक जपून ठेवीत आणि पुन्हा पुन्हा वापरीत. त्या कपाटात पुढाऱ्यांचे ब्लॉक होते. प्रत्येकाचा एक खण, खणावर नावाची चिठ्ठी. मोठ्या पुढाऱ्यांचे ब्लॉक निदान दोन असत. एक हसरा आणि एक रागीट.

मेननांचा हसरा ब्लॉक छापून छापून गुळगुळीत झाला होता. त्यांचा रागीट ब्लॉक, हातात काठी, भुवया चढलेल्या, नाक बाकदार, अगदी नवा कोरा होता. तो कुणी कधी बाहेर काढलाच नव्हता. कृपलानींच्या खणात उलट प्रकार. त्यांचा केस विस्कटलेला, तोंड उघडे असलेला ब्लॉक झिजला होता आणि सौम्य चेहऱ्याचा पुडक्यातच होता. आमचे वरिष्ठ उपसंपादक विडी पेटवीत म्हणाले, "अग्रलेख कोण वाचतो रे? संपादकांची बायको आणि विरोधी संपादक. पत्राचे मत कळायचे तर हे कपाट उघडून कुठला ब्लॉक झिजला आहे ते बघ."

पुढची विद्या त्यांनी तोंडी दिली. ती कुठल्या पुस्तकात नव्हती आणि ती हुकूम म्हणूनही कधी दिली गेली नाही. आपला पुढारी 'ठणकावतो', दुसरा 'आगपाखड करतो'. आपला 'स्पष्ट करतो', दुसरा 'सारवासारव करतो'. आपल्याने मत बदलले तर 'मुत्सद्देगिरी', दुसऱ्याने बदलले तर 'कोलांटउडी'. आपल्याकडे 'कार्यकर्ते' असतात, त्यांच्याकडे 'हस्तक'. आपल्या सभेला 'जनसमुदाय' लोटतो, त्यांच्या सभेला 'बघे' जमतात. 'म्हणाले' हे क्रियापद गरीब गायीसारखे. ते ज्याच्याबद्दल पत्राला काहीच वाटत नाही त्याच्यासाठी. यात असत्य असे एकही नाही. रागावलेला माणूस आगपाखड करतो म्हटले तर कोण कोर्टात जाईल? शिवाय जागेचे शास्त्र निराळेच. पहिल्या पानावर घडीच्या वर काय आणि घडीच्या खाली काय, कुठली बातमी बाजारभावाच्या शेजारी जाते आणि कुठली 'जागेअभावी' उद्यावर जाते. उद्यावर गेलेली बातमी परवा शिळी होते आणि शिळी म्हणून टाकता येते. पत्रात जे छापले त्यावर लोक भांडतात. जे छापलेच नाही त्यावर भांडायचे कसे?

मला हे सारे फार गमतीचे वाटले. मी ते चटकन शिकलो.

मतदानाच्या काही दिवस आधी पार्ल्यात कृपलानींची सभा होती. मी पार्ल्याचाच, म्हणून मला पाठवण्यात आले. पत्रकारांसाठी व्यासपीठाशी टेबल मांडले होते. आचार्यांचे भाषण हिंदी-इंग्रजी मिसळीचे, आवाज चिरका, पण बोलण्यात धार अशी की मेननांचे नाव न घेता त्यांनी लोकांना हसवले आणि मग एकदम गप्प केले. मध्येच मी मागे वळून पाहिले. मैदान कुंपणापर्यंत भरले होते. कुंपणापलीकडे रस्त्यावर माणसे उभी होती आणि पलीकडच्या गच्च्यांवरही. मागच्या अंधारात कुणीतरी हात वर केला. कुणीतरी ओळखीच्या माणसाला बोलावीत असेल असे समजून मी पुन्हा लिहायला लागलो.

कचेरीत येऊन मी बातमी लिहायला बसलो. वरिष्ठांनी काहीच सांगितले नव्हते. ते त्या रात्री माझ्याकडे बघतही नव्हते. नेहरूंच्या सभेच्या बातमीवर ते मथळा बसवीत होते. मी चार ओळी लिहिल्या. 'आचार्य कृपलानी यांची काल पार्ले येथे सभा झाली. उपस्थिती तुरळक होती. संरक्षणमंत्र्यांवर त्यांनी नेहमीप्रमाणे आगपाखड केली. ठोस असे काही सांगितले नाही.' कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला, 'तुरळक'वर क्षणभर थांबले, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि खाली सही केली. "तयार झालास," एवढेच म्हणाले. मला वाटते त्या रात्री घरी येताना शेवटच्या गाडीत मी शीळ घालीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने ती बातमी मोठ्याने वाचली. मी त्या पत्रात होतो म्हणून तिसरे दैनिक फुकट घरी येऊ लागले होते, आणि ते मामाच्या बाजूचे निघाले म्हणून मामा खूश होता. "ऐका भाऊजी! उपस्थिती तुरळक! तुमच्या आचार्यांना पार्ल्यात माणसे मिळेनात."

अण्णा दाढी करीत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. म्हणाले, "मी होतो तिथे." मग माझ्याकडे वळून, "कुणी लिहिली ही?"

"मी."

मामा गप्प झाला. आई पोळी लाटता लाटता थांबली. अण्णा ओरडणारे नव्हते. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तू पुढे टेबलाशी बसला होतास. मागे वळून पाहिले नसशील."

आता मागे पाहिले तर कळते की ते मला वाट काढून देत होते. मी ती घेतली. म्हणालो, "नाही अण्णा. नाही पाहिले."

त्यांनी पुन्हा वस्तरा उचलला. जरा वेळाने आरशाकडे बघतच बोलले, "आगरकरांना टिळकांचे पटेना, तेव्हा त्यांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि दुसऱ्या वर्षी 'सुधारक' काढला. आपले मत आपल्या नावावर मांडले. 'केसरी'त बसून टिळकांच्या सभेतली माणसे कमी नाही केली."

हे अण्णांचे आवडते मत होते आणि माझेही पुढे तेच झाले. मराठी पत्रे ही मुळातच मतपत्रे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस उधळली. व्यासपीठावर भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना चाटून फिरोजशहा मेहतांना लागला, एवढ्यावर साऱ्यांचे एकमत. पण आधी कळ कुणी काढली याचे मवाळांचे निवेदन वेगळे आणि जहालांचे वेगळे. मात्र वाचणाऱ्याला कुठले कुणाचे ते ठाऊक होते. अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ ला 'मराठा' काढला तो संयुक्त महाराष्ट्रासाठीच, आणि ते उघड होते. तटस्थ बातम्या हव्यात म्हणून 'मराठा' विकत घेणारा माणूस मुंबईत शोधून सापडला नसता. गोम निराळीच आहे. ती त्या बारीक टायपातल्या 'निःपक्षपाती'त आहे आणि 'तुरळक'मध्ये आहे. मतावर वाद घालता येतो. पण मैदानात माणसे किती होती हे मत नव्हे, आणि जो त्या मैदानात नव्हता त्याच्यापाशी माझ्या चार ओळींखेरीज दुसरे काहीच नव्हते.

निवडणुकीत मेनन निवडून आले. कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते त्यांना पडली. हे लिहिताना मला आजही विषाद वाटतो तो यासाठी की माझ्या 'तुरळक'ची कुणाला गरजच नव्हती. मैदान भरले होते असे लिहिले असते तरी मेनन पडले नसते.

पुढे आठ महिन्यांत जे झाले ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. महिनाअखेरीस संरक्षण खाते मेननांच्या हातून गेले आणि ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळातूनच गेले. त्या आठवड्यात एका रात्री वरिष्ठ उपसंपादक म्हणाले, "अरे, मेनन काढ." मी सवयीने हसरा ब्लॉक काढून दिला. त्यांनी तो परत केला. "हा नव्हे." मग मी खणाच्या तळातून तो काठीवाला काढला. नवा कोरा. त्यावरची शाईसुद्धा पहिलीच. दुसऱ्या दिवशी तो इतका स्वच्छ छापून आला की चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती मोजता आली असती. मेनन हे मेननच होते. काठी तीच, भुवया त्याच, चहाही तितकाच पीत असतील. बदलले ते आम्ही. आणि आमचे वाचक, हे विसरून चालणार नाही. त्या आठवड्यात पत्रांचा ढीग आला होता. इतकी वर्षे या माणसाची आरती का ओवाळलीत, असे विचारणारे बहुतेक तेच होते ज्यांनी फेब्रुवारीत आरतीला टाळ्या धरल्या होत्या. मामाने 'ब्लिट्झ' घेणे बंद केले नाही, पण गाडीत वाचणे बंद केले.

त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी होते आणि ऐकताना माझाही ऊर भरून येई. पण कपाटात यशवंतरावांचाही खण होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ पासून पुढची तीन-चार वर्षे, त्यांचा कुठला ब्लॉक झिजला होता ते मी पाहिले होते. सह्याद्रीचा ब्लॉक नवा करवून घ्यावा लागला.

सारा दोष पत्रांच्या माथी मारणे मला पटत नाही. एकदा, १९६७ च्या निवडणुकीच्या सुमारास, मी एका दुसऱ्या पत्रात मुख्य उपसंपादक होतो. अंगात भरलेल्या अपराधी भावनेने म्हणा किंवा अण्णांच्या धाकाने म्हणा, विरोधी उमेदवाराचे भाषण मी पूर्ण छापले. 'म्हणाले', 'म्हणाले', 'म्हणाले', दोन कॉलम. मैदानही भरलेले लिहिले, कारण भरले होते. तीन दिवसांत विक्रेते सांगत आले की अमुक वाडीत अंक परत येतात. एका वाचकाने लिहिले की पैसे घेतलेत ते कबूल करा. घरी मामानेसुद्धा विचारले, "तुझे काय बिघडले आहे?" मालकांनी मला बोलावले नाही की रागावले नाहीत. परत आलेले गठ्ठे तेवढे माझ्या टेबलाशेजारी रचून ठेवायला सांगितले.

माझ्या चार ओळींसाठी मला कुणी पैसे दिले नव्हते. ती बाजू मी फुकट घेतली होती. पुढचा काळ मात्र हिशेबाचा आला. २००९ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची थोरवी सांगणारा एकच मजकूर एकाहून अधिक मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः आणि निरनिराळ्या लेखकांच्या नावाने आल्याचे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिले. जाहिरात म्हणून त्यावर कुठे खूण नव्हती. 'पेड न्यूज' हा शब्द मराठी घरांत आला तो तेव्हा. पैसे दिले-घेतल्याचे चव्हाणांनीही नाकारले आणि पत्रांनीही. २०१४ च्या जुलैत निवडणूक आयोगाने त्यांच्या खर्चाचा हिशेब अपुरा ठरवला आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. मजकूर कुणाच्या सांगण्यावरून आला हे ठरो वा न ठरो, मला त्यात नवल वेगळेच वाटले. आमच्या वेळी निदान प्रत्येक पत्र आपापली विशेषणे आपल्या हाताने घडवीत असे!

त्या साऱ्या गदारोळानंतर काही महिन्यांनी, २०१० मध्ये, आमची पार्ल्याची चाळ पुनर्विकासाला गेली. माळ्यावरची ट्रंक खाली काढावी लागली. अण्णांना जाऊन तेव्हा तीस वर्षे होऊन गेली होती, मामाला वीस. ट्रंकेत अण्णांची एक जुनी लांबट वही निघाली, किराण्याच्या हिशेबाची. मागच्या बाजूने त्यांनी तीत कात्रणे चिकटवली होती. डाव्या पानावर एका पत्राचे आणि उजव्या पानावर दुसऱ्याचे, तारीख एकच. म्हणजे मामाचे पत्र ते वाचीत होते तर! चहाच्या कपाखाली ठेवण्यापूर्वी किंवा नंतर, कुणाचे लक्ष नसताना, कात्रीने कापून घेत होते. सुरुवात १९५६ च्या जानेवारीतल्या मुंबईतल्या गोळीबारापासून होती. कात्रणांखाली त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेले. 'दोन्ही खोटे.' 'हे खरे, पण अर्धे.' एका ठिकाणी, त्यांच्या स्वतःच्या लाडक्या पत्राखाली, 'लाज वाटते.'

फेब्रुवारी १९६२ च्या पानावर डावीकडे माझ्या चार ओळी होत्या. उजवीकडे त्याच सभेची त्यांच्या पत्रातली बातमी, तीत मैदान 'अफाट' आणि गर्दी 'अभूतपूर्व'. त्या बातमीखाली लिहिले होते, 'अफाट नव्हे. मैदान लहान आहे. पण भरले होते.'

माझ्या चार ओळींखाली लिहिले होते, 'चिरंजीवांनी मागे वळून पाहिले होते. मी हात केला होता.'